उसातली हव्वा

मी एरवी माफी मागणारा माणूस आहे. रांगेत दुसऱ्याचा पाय माझ्या पायावर पडला तरी "सॉरी" माझ्याच तोंडून निघतं. वडील गेले तेव्हा मी बारामतीत पेपर तपासत बसलो होतो, त्याची माफी अजून त्यांच्या फोटोकडे बघून मागतो. घरात भाजी कडू निघाली तर मला वाटतं, जुडी मीच चुकीची निवडली. बायको म्हणते, "तुमच्या अंगात अपराध मुरलाय, लोणच्यात मीठ मुरतं तसा." खरं आहे. म्हणून आधीच सांगून ठेवतो. त्या भिंतीबद्दल मी माफी मागितलेली नाही. मागायला सांगितली तेव्हाही नाही, आणि हे लिहितोय तेही त्यासाठी नाही.

आमचं घर जळोचीत आहे. मी शिकवतो ते कॉलेज इंदापूर तालुक्यात, सणसरच्या पलीकडच्या एका गावात. अकरावी-बारावी, कला शाखा, विषय इंग्रजी. वर्गातली मुलं बहुतेक ऊस, डाळिंब नाहीतर भाजीपाला करणाऱ्या घरांतली. इंग्रजीची त्यांना भीती वाटते, आणि भीतीपेक्षा जास्त कंटाळा येतो.

बारावीला एक इंग्रजी कविता होती. कवीला लहानपणची बाग आठवते, आणि मध्येच एका ओळीत फळ येतं, साप येतो आणि बाग कायमची बंद होते. गाईडमध्ये त्या ओळीखाली लिहिलेलं असायचं, 'बायबलमधील संदर्भ'. बस. दरवर्षी मीही फळ्यावर तेवढंच लिहायचो, मुलं ते परीक्षेत उतरवायची आणि मी गुण द्यायचो. सगळ्यांचं बरं चाललं होतं.

त्या वर्षी एका मुलीनं विचारलं, "सर, पण सापानं केलं काय?"

ही आमच्या कॉलेजच्या मावशींची मुलगी. मावशी म्हणजे झाडलोट करणाऱ्या, टाकीत पाणी सोडणाऱ्या, घंटा देणाऱ्या आणि प्राचार्यांचा चहा करणाऱ्या बाई. मुलगी वहीच्या शेवटच्या पानांवर सतत काहीतरी काढत असायची. तास चालू असताना तिनं तोंड उघडलेलं मी फारसं ऐकलं नव्हतं. त्यामुळे तिनं विचारल्यावर फळ्याकडे वळून पुढची ओळ घेणं मला जमलं नाही.

मग गोष्ट सांगितली. देवानं एदेन नावाची बाग लावली. बागेला नदी दिली. माणूस केला, त्याचं नाव आदाम. त्याला सोबत म्हणून बाई केली, तिचं नाव हव्वा. सगळी झाडं तुमचीच, म्हणाला, फक्त ह्या एका झाडाचं फळ खायचं नाही.

मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, "खायचं न्हाय तर लावलं कशाला, सर?"

दुसरा म्हणाला, "तात्यांच्या बागंत तरी राखण्या असतोय. ह्या देवानं राखण्या ठेवला न्हाय व्हय?"

तात्या म्हणजे आमच्या कॉलेजच्या स्थानिक समितीचे अध्यक्ष. डाळिंबाची मोठी बाग आहे त्यांची. त्यांचं नाव निघालं की वर्ग खालमानेनं हसतो.

"राखण्या नव्हता," मी म्हणालो. "साप होता."

सापानं हव्वेला भुलवलं, तिनं फळ खाल्लं, आदामला दिलं, आणि देवानं दोघांना बागेबाहेर काढलं. घंटा झाली तरी मी बोलत होतो. अर्थशास्त्राचे सर दारात ताटकळले. नंतर त्यांची माफी मागितली, अर्थात. पण त्याआधी मुलांना एवढं सांगून घेतलं की त्या इंग्रजी कवीला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. तो नुसता फळ म्हणतो, साप म्हणतो, आणि त्याचा वाचक दचकतो, कारण त्यानं ती दर रविवारी ऐकलेली असते. आपल्याकडं कुणी नुसतं 'सोन्याचं हरीण' म्हटलं तर पुढचं सांगावं लागतं का? वर्ग "नाही" म्हणाला. त्या क्षणी मला कळलं की इतकी वर्षं मी मुलांना हरीण दाखवत होतो आणि त्याच्या मागं कोण धावलं ते सांगतच नव्हतो.

बारामतीत रद्दीच्या दुकानात एक जुनं मराठी बायबल मिळालं. पहिल्या दिवशी त्याला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं. दुसऱ्या दिवशी स्वतःचीच चीड आली आणि कव्हर काढून टाकलं. आमच्या घरी देवघरात खंडोबाचा टाक आहे. पुस्तक त्याच्या शेजारच्या फळीवर ठेवलं. खंडोबानं काही म्हटलं नाही. बायको म्हणाली, "वाचायचंय की पुजायचंय, ते एकदा ठरवा. म्हणजे धूळ पुसायची का उदबत्ती दाखवायची ते मला कळंल."

पुढच्या तासाला मोबाईलवर चित्रं घेऊन गेलो. युरोपातल्या चित्रकारांनी शेकडो वर्षं ही गोष्ट पुन्हा पुन्हा काढलेली आहे. अडचण अशी की आदाम आणि हव्वा, दोघांच्याही अंगावर कपडे नसतात. हे मला घरीच सुचायला हवं होतं. वर्गात मोबाईल फिरवताना मी अंगठा बरोबर चित्राच्या मधोमध दाबून धरला. मुलं चित्राऐवजी अंगठाच बघायला लागली.

"सर, अंगठा जरा झाडावरनं सरकवा," एकजण म्हणाला. "झाड दिसंना."

झाड दाखवलं. एका चित्रात सफरचंद, दुसऱ्यात अंजीर, मग पुन्हा सफरचंद. मी म्हणालो, गोष्टीत फळाचं नावच नाही. मी स्वतः वाचून आलोय. चित्रकाराला झाडावर काहीतरी काढावं लागतं, नुसतं 'फळ' काढता येत नाही. त्यानं आपल्याकडचं काढलं. ते चित्र बघत मोठ्या झालेल्या कवीनं तेच कवितेत घातलं. कविता वाचणाऱ्यांना वाटायला लागलं, ग्रंथातच तसं लिहिलंय. ग्रंथातली गोष्ट चित्रात गेली, चित्रातून कवितेत आली आणि कवितेतून परत ग्रंथावर चढली. ह्या तिघांचं असं एकमेकांच्या घरी जाणं-येणं आहे.

"मग आपल्याकडं कुठलं फळ?" कुणीतरी विचारलं.

वर्गात भांडण लागलं. पेरू म्हणून झाला. सीताफळ म्हणून झालं, पण मुलींनी ते लगेच बाद केलं. सीतेचं नाव असलेल्या फळाला असल्या भानगडीत ओढायचं नाही, म्हणाल्या. मावशींची मुलगी म्हणाली, "डाळिंब, सर. फोडल्याबिगर आत काय हाय त्ये कळत न्हाय त्याचं."

डाळिंब ठरलं.

त्याच सुमारास वरून सूचना आली की वर्गांच्या भिंती बोलक्या करा. विज्ञानवाल्यांनी हृदयाचा छेद काढला. इतिहासाच्या भिंतीवर किल्ला आला. इंग्रजीनं काळाचा तक्ता लिहावा अशी अपेक्षा होती. मी प्राचार्यांना म्हणालो, मुलं कवितेवरचं चित्र काढायचं म्हणतायत. त्यांनी मान डोलावली. कविता म्हणजे फुलं आणि पक्षी, असं त्यांना वाटलं असणार. मी खुलासा केला नाही. ह्याला लबाडी म्हणायचं असेल तर म्हणावं.

ट्रॉल्या रंगवून उरलेले ऑइलपेंटचे डबे मुलांनी घरून आणले. त्यामुळे आमच्या एदेन बागेचं आभाळ ट्रॅक्टरच्या निळ्या रंगाचं झालं. नदी उजनीच्या पाण्यासारखी पसरट. भिगवणला थंडीत येतात ते गुलाबी पंखांचे रोहित पक्षी तिच्या काठाला उभे केले. उसाच्या कडेला बिबट्या, आणि त्याला टेकून एक शेळी निवांत बसलेली. मी म्हणालो होतो, त्या बागेत अजून कुणी कुणाला खात नव्हतं. हे मुलांना गोष्टीतलं सगळ्यात अवघड वाटलं. बिबट्याचं तोंड मिटलेलं काढताना तीनदा खोडाखोड झाली.

खरा प्रश्न आदाम-हव्वेचा होता. कपडे घातले तर गोष्ट बिघडते, न घातले तर नोकरी जाते. मावशींच्या मुलीनं दोन दिवस विचार केला आणि मग दोघांना उसात उभं केलं. गळ्याइतका ऊस, वर नुसती दोन डोकी.

"देवाला काय दिसायचं त्ये दिसंल," ती म्हणाली. "आपल्याला ऊस दिसतोय."

इतक्या चित्रकारांनी अंजिराची पानं चिकटवून जे कसंबसं निभावलं, ते आमच्या वर्गात उसानं झालं. मला तिचा अभिमान वाटला.

आदामचा चेहरा कुणासारखाच नव्हता. त्याला मिशी द्यायची का, ह्यावर वाद होऊन शेवटी बारीक मिशी आली. हव्वेच्या चेहऱ्याकडं मात्र मी बघत राहिलो. रुंद कपाळ, डोक्याला बांधलेला टॉवेल, आणि कुणी हाक मारल्यावर वळून बघावं तशी मान.

"हे कोण?"

"आई," ती हळूच म्हणाली. "तिला सांगू नका, सर. चिडंल. तिला फोटूत बी नीट उभं राहवत न्हाय."

साप तिनं सगळ्यात शेवटी काढला आणि सगळ्यात झटकन काढला. डाळिंबाच्या खोडाला वेढे घालून वर हातभर उंच फणा, आणि फण्यावर दहाचा आकडा. मी म्हणालो, अगं, त्या गोष्टीतला साप म्हणजे सैतान, आपला नागोबा नव्हे, दुसरा कुठलातरी साधा काढ. ती ब्रश हातात धरून थांबली. "सर, साप म्हटलं की ह्योच येतो हाताला." दरवर्षी पंचमीला आईबरोबर घराच्या भिंतीवर ती हाच काढत आली होती. हात दुसरा साप शिकलाच नव्हता. मी म्हणालो, राहू दे. तिकडच्या चित्रकाराच्या हाताला सफरचंद आलं, आपल्या हाताला नाग आला. मला तो न्याय वाटला. अजूनही वाटतो.

श्रावणात पंचमी आली. त्या दिवशी कॉलेज अर्धा वेळ होतं. गावातलं वारूळ रस्ता रुंद करताना जेसीबीनं सपाट झालेलं होतं आणि दुसरं कुठं उरलं नव्हतं. बायका कुठं जायचं ह्या विचारात होत्या. मावशींनी सकाळी झाडायला वर्गाचं दार उघडलं, तर समोर फणा काढलेला नाग, आणि तोही त्यांच्या पोरीच्या हातचा. त्या घरी जाऊन हळद-कुंकू, लाह्या आणि दुधाची वाटी घेऊन आल्या. त्यांच्यामागं वाडीवरच्या बायका आल्या.

मी पोचलो तेव्हा पूजा आटपत आली होती. उंबऱ्यात मावशींनी मला अडवलं.

"सर, चपला भाईर."

"मावशी, वर्ग आहे हा."

"रोज वर्ग हाय. आज चपला भाईर."

काढल्या. त्या दिवशीचा तास मी अनवाणी घेतला. ज्या सापाला त्या गोष्टीत देवानं आयुष्यभर धूळ चाटायला लावली, त्याच्या फण्यावर ओलं कुंकू होतं आणि भिंतीखाली लाह्यांना मुंग्या लागल्या होत्या. मी मुलांना म्हणालो, बघा, एकच चित्र आहे. त्याच्यापुढं हात जोडणारी माणसं वेगळी आणि त्याला घाबरणारी माणसं वेगळी. कविता कुणी लिहिलीय हे कळल्याशिवाय साप कुठला ते कळत नाही. इतक्या वर्षांत मी ह्याहून चांगला तास घेतलेला नाही. हे बोलून दाखवायला मला लाज वाटायला हवी, पण वाटत नाही.

पूजेचा फोटो कुणीतरी काढला होता. संध्याकाळपर्यंत तो गावच्या ग्रुपवरून तालुक्याच्या ग्रुपवर गेला. खाली मजकूर होता, की इंग्रजीच्या तासाला बायबल शिकवतात आणि आपल्या नागोबाला सैतान दाखवतात. बायकोनं माझ्याआधी वाचला.

"आता?" ती म्हणाली.

"आता काही नाही. भिंत राहील."

"तुम्हाला हुतात्मा व्हायची हौस आली असंल तर व्हा. पण पोरगी कुणाची आहे? तिच्या आईची नोकरी कंत्राटी आहे ना? तुम्हाला फार तर दुसरीकडं पाठवतील. तिला घरी बसवतील."

एवढा एकच प्रश्न मला लागला. हट्ट माझा, आणि पोट मावशींचं. दुसऱ्या दिवशी लवकर गेलो आणि टाकीपाशी मावशींना गाठलं. म्हणालो, विचारलं तर मी सांगणार आहे की नाग मी काढला.

मावशींनी नळ बंद केला. "कशाला खोटं बोलता, सर? तुमाला फळ्यावर सरळ रेघ तरी येती का?"

दुपारी प्राचार्यांच्या खोलीत बैठक झाली. तात्या होते, प्राचार्य होते, मी होतो. तात्यांनी आधी माझ्या घरच्यांची चौकशी केली. मग म्हणाले, "सर, तुमी घरचेच हाय. पण ह्ये बायबल-बियबल हितं कशाला? चार वाक्यं इंग्रजी बोलाय शिकवा पोरांना. नोकऱ्या लागू द्या."

"तात्या, त्यांची भाषा शिकायची म्हणजे त्यांच्या घरात जायचं. घरात गेल्यावर देवघराकडं पाठ करून बसता येत नाही."

"पाया पडाय लावता का पोरांना?"

"नाही. बघायला लावतो."

"आन आपल्या नागाला सैतान केला त्ये?"

"तो त्यांच्या गोष्टीत आहे तसा. आपल्या बायकांनी त्यालाच कुंकू लावलं. माझ्या वर्गात दोन्ही झालं. त्यातलं मी काहीच लपवणार नाही."

प्राचार्य टेबलावरचा पेपरवेट फिरवत होते. तात्या जरा पुढं सरकले. "बरं, त्ये ऱ्हाऊ द्या. पण डाळिंब? सर, जगातली सारी फळं सोडून डाळिंब? उद्या व्यापारी बागंत येऊन म्हनंल, ह्येच का त्ये पापाचं फळ, मग भाव पाडून द्या." आणि ते स्वतःच हसले. ते हसल्यावर प्राचार्यही हसले.

मग तोडगा निघाला. तात्या माणूस वाईट नाहीत, त्यांना फक्त प्रकरण मिटवायचं होतं. नागाची पूजा झालेली, त्यामुळं त्याला हात लावायचा नाही. बाई-बाप्या तेवढे पुसायचे. रविवारी पेंटर येईल, चुना मारेल. आणि सरांनी दोन ओळींचा माफीनामा द्यायचा, म्हणजे ग्रुपवर टाकता येईल.

"नाही," मी म्हणालो.

माझ्या तोंडून हा शब्द इतका कोरा निघाल्याचं मला आठवत नाही. म्हणालो, तात्या, विलायतेतही एकदा असंच झालं होतं. चर्चच्या भिंतींवर हीच चित्रं होती, वाचता न येणाऱ्या माणसांसाठी काढलेली. मग धर्म सुधारायचा म्हणून ठरलं की चित्र नको, नुसता ग्रंथातला शब्द हवा. भिंतींवर चुना फिरवला. पण माणसाच्या डोळ्याला चित्र लागतंच. भिंतीवरचं गेलं तेव्हा कवींनी ते काम अंगावर घेतलं. शब्दानं बाग रंगवायला लागले, साप रंगवायला लागले. त्यांची एवढी मोठी कविता, माझ्या मते, त्या चुन्यातूनही उगवलीय. हे कुठल्या गाईडमध्ये सापडणार नाही, हे माझं मत आहे. तुम्ही चुना मारा. मग मला ते वर्गात तोंडानं रंगवावं लागेल. आणि मी रोज रंगवीन.

"म्हंजे तुमी ऐकणार न्हाय," तात्या म्हणाले.

"माफीनामा देणार नाही. आणि निम्मं चित्र ठेवायला हो म्हणणार नाही. ठेवायचं तर सगळं ठेवा."

ह्या वेळी मावशी चहा घेऊन आत आल्या होत्या. त्यांनी कप तात्यांच्या पुढ्यात ठेवला आणि ट्रे पोटाशी धरून तिथंच उभ्या राहिल्या.

"तात्या, त्ये त्वांड माझं हाय."

"कुठलं त्वांड?"

"उसातल्या बाईचं. माझ्या पोरीनं माझं काढलंय. मला सांगितलं न्हाय तिनं, पर रोज झाडते मी तितं. माझं त्वांड मला कळंना व्हय?" मग जरा थांबून म्हणाल्या, "नागाला ठेवायचं आन मला पुसायचं?"

मी खाली बघत होतो. मला वाटलं, झालं, आता ह्या बाईची नोकरी माझ्यामुळं जाते.

तात्या उठले. "चला, बघू."

आम्ही सगळे वर्गात गेलो. तात्यांनी उंबऱ्याबाहेर चपला काढल्या. भिंतीसमोर बराच वेळ उभे राहिले, एकदा भिंतीकडं, एकदा मावशींकडं बघत. मावशींनी पदर सावरला, फोटो काढताना सावरतात तसा.

"हुबेहूब हाय की," तात्या म्हणाले. "मग ह्यो बाप्या कोण?"

"त्यो कुणी का असंना," मावशी म्हणाल्या. "आमचा न्हाय. त्याला पुसा."

तात्या पोट धरून हसले. प्राचार्य हसले. बाहेर खिडकीला लागलेली पोरं हसली. आणि मीही हसलो. मिनिटापूर्वी 'सगळं ठेवा' म्हणणारा मी, त्या बाईची नोकरी वाचली ह्या आनंदात मोठ्यानं हसलो, आणि त्या हसण्यात आदाम गेला. माझं हसू थांबलं तोवर तात्यांनी प्राचार्यांना सांगून टाकलं होतं, "बाई ऱ्हाऊ द्या, नाग ऱ्हाऊ द्या. बाप्याला चुना मारा. मी ग्रुपवर टाकतो, आक्षेपार्ह त्ये पुसलं म्हनून."

मी म्हणालो, "तात्या, माफीनामा तरीही मिळणार नाही."

"नका देऊ," ते चपला घालत म्हणाले. "पण सर, ती बायबलची गोष्ट आता बास."

"ती तर आता सांगावीच लागेल."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नव्हे, दावणीला बांधलेल्या अडेल बैलाकडं बघावं तसं. प्राचार्यांनी नंतर मला बाजूला घेऊन सांगितलं, "सर, सांगायचीच असली तर निदान दार लावून घेत जा."

रविवारी पेंटर आला. सुट्टी असूनही मी जळोचीहून गेलो आणि पहिल्या बाकावर बसून राहिलो. त्याला वाटलं, मी देखरेखीला आलोय. "साहेब, अजून एक हात मारू का?" म्हणाला. मी म्हणालो, तुम्हाला जे सांगितलंय ते करा, मी फक्त बघतोय. उसाच्या हिरव्या रेघांमध्ये एका डोक्याएवढी पांढरी जागा झाली. मिशी सगळ्यात शेवटी गेली.

आता गंमत बघा. आदाम गेल्यावर चित्रात काय उरलं? डाळिंबाचं झाड, नाग, आणि त्याच्याकडं मान वळवून बघणारी बाई. म्हणजे पंचमीचं चित्र. जो येतो तो म्हणतो, वा, नागपंचमीचं छान काढलंय. पाहुणे आले की प्राचार्य आता हीच भिंत आधी दाखवतात. एका माणसावर चुना फिरवला आणि एका धर्माची गोष्ट दुसऱ्या धर्माची झाली. हे बघितल्यावर माझी खात्रीच पटली की गोष्ट तोंडानं सांगत राहणं गरजेचं आहे. मला पंचमीचं वावडं नाही. त्या भिंतीवर दोन गोष्टी आहेत, आणि मुलांना दोन्ही ठाऊक पाहिजेत, एवढंच माझं म्हणणं आहे.

माझ्या बदलीचं बोललं जातं. दर उन्हाळ्यात ते निघतं आणि विरतं. बायको विचारते, "ह्या वर्षी तरी तोंड मिटून बसणार का?" मी म्हणतो, बिबट्याचं मिटायला तीनदा खोडावं लागलं होतं. ती म्हणते, तुम्ही बिबट्या नाही, त्याला टेकलेली शेळी आहात. असेन. पण माझी जागा सोडून उठलेलो नाही.

ती मुलगी बारावी होऊन पुढं गेली. पुण्याला चित्रकला शिकतेय. मावशी अजून आहेत, अजून कंत्राटावरच आहेत, आणि ते आठवलं की मला माझ्या पगाराची लाज वाटते.

परवा नव्या बॅचला ती कविता आली. फळ आणि सापाच्या ओळीपाशी पोचलो. एका मुलानं भिंतीकडं बोट केलं. "सर, हितं पांढरं का हाय? कोन होतं?"

मी दार लावलं नाही. उलट जरा ओढून पूर्ण उघडलं. व्हरांड्यात मावशी झाडत होत्या. मी त्या पांढऱ्या जागेशेजारी उभा राहिलो आणि आदाम सांगायला लागलो. तो कसा मातीचा केला, त्यानं सगळ्या जनावरांना नावं कशी दिली, तो एकटा कसा होता. मग फळ. मग संध्याकाळच्या गार वाऱ्याला देव बागेत फिरायला येतो आणि विचारतो की कुठं आहात, फळ खाल्लंत का. आणि आदाम काय म्हणतो? म्हणतो, मी नाही, ह्या बाईनं दिलं म्हणून खाल्लं.

व्हरांड्यातल्या झाडूचा आवाज थांबला.

"बघा," मावशी बाहेरून म्हणाल्या. "म्हून तर पुसला त्याला."

वर्ग हसला. मी ह्या वेळी हसलो नाही. हसू ओसरेपर्यंत थांबलो आणि मग देवानं आदामलाही कसं सोडलं नाही ते सांगायला लागलो, व्हरांड्यात नीट ऐकू जाईल अशा आवाजात.